खिडकीवर कोणता कागद मागतात?

१ जानेवारी १९०९ पासून ब्रिटनमधल्या सत्तरी गाठलेल्या गरीब म्हाताऱ्यांना सरकारकडून आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागली. ती पोस्टाच्या खिडकीवर मिळायची. आयर्लंड तेव्हा ब्रिटिश राज्यातच होतं, त्यामुळे कायदा तिथेही लागू झाला आणि तिथे एक मजेदार पेच उभा राहिला. आयर्लंडमध्ये सगळ्यांच्या जन्माची सक्तीची नोंद सुरू झाली १८६४ मध्ये. म्हणजे १९०९ साली सत्तरीत असलेल्या कुणाचीही जन्मनोंद सरकारदरबारी नव्हती. मग वय ठरवायचं कसं? ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर एक प्रचंड वादळ आदळलं होतं. ते ज्याला आठवतं तो सत्तरीच्या पुढचा असणारच, असा हिशेब अधिकाऱ्यांनी धरला. आपल्याकडे ‘प्लेगच्या साली जन्मला’ असं सांगायचे, तसंच हे. मग आयर्लंडभर म्हाताऱ्यांना त्या रात्रीच्या आठवणींचं भरतं आलं. अर्ज आले ते सरकारच्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त.

हा किस्सा हसून सोडून देण्यासारखा नाही. कल्याणकारी राज्यांची तुलना करायची म्हटलं की बहुतेक लेखक थेट आकड्यांवर जातात. कोणता देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या किती टक्के खर्च करतो, कुठे करांचा बोजा किती. आकडे हवेतच, पण ते नंतर. आधी खिडकीपाशी उभं राहावं आणि माणसाकडून तिथे काय मागतात ते बघावं. कुठे गरिबी सिद्ध करायला सांगतात, कुठे वर्गणी भरल्याचा पुरावा मागतात, आणि काही ठिकाणी तुम्ही या देशात राहता एवढंच पुरतं. डॅनिश समाजशास्त्रज्ञ गॉस्ता एस्पिंग-अँडरसन यांनी १९९० साली अठरा श्रीमंत देशांचा अभ्यास करून कल्याणकारी भांडवलशाहीची तीन जगं सांगितली. त्यांची मांडणी बरीच गुंतागुंतीची आहे. माणसाला जगण्यासाठी श्रम विकण्यावाचून गत्यंतर नसतं, ती अगतिकता राज्य कितपत कमी करतं हा तिचा गाभा. पण सामान्य वाचकाला ती तीन जगं या तीन कागदांवरूनही बरीचशी ओळखता येतात.

पहिला कागद सर्वांत जुना. १८३४ च्या इंग्लिश गरीब कायद्याचं तत्त्व असं होतं, की सरकारी मदतीवर जगणाऱ्याची स्थिती बाहेरच्या सर्वांत हलक्या मजुरापेक्षाही वाईटच असली पाहिजे. नाहीतर काम कोण करील? म्हणून मदत हवी तर वर्कहाउसमध्ये भरती व्हायचं. तिथे नवरा एका भागात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या. गरिबीचा पुरावा म्हणून कागद नव्हे, माणूसच जमा करून घ्यायचे. १९०९ ची पेन्शन मुद्दाम पोस्टातून दिली गेली ती या नामुष्कीपासून ती दूर ठेवण्यासाठी. तरीही अटी होत्याच. वर्षाला २१ पौंडांहून जास्त उत्पन्न असेल तर रक्कम कापायला सुरुवात, साडेएकतीस पौंडांच्या वर काहीच नाही.

१९३१ नंतरच्या मंदीत ब्रिटनमध्ये मिळकतीच्या याच चौकशीनं घराघरात विष कालवलं. दीर्घकाळ बेकार राहिलेल्याला भत्ता देण्याआधी सरकारी माणूस घरी येऊन सगळ्या कुटुंबाची मिळकत मोजायचा. मुलगी गिरणीत जात असेल तर तिचा पगार बापाच्या भत्त्यातून वजा. परिणाम सरळ होता: कमावती मुलं निदान कागदोपत्री तरी वेगळी राहू लागली. आपल्याकडे रेशनकार्ड विभक्त करून घेण्यामागची कारणं ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळं, केशरी आणि पांढरं अशी तीन रंगांची कार्डं आहेत. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी. उत्पन्न एका रुपयानं पुढे गेलं की रंग बदलतो, मग दाखल्यावरचं उत्पन्न रेषेच्या अलीकडेच थांबलं तर नवल कसलं? गरिबी सिद्ध करायला लावणाऱ्या योजनेत माणूस खोटारडा नसला तरी कागद खोटा व्हायला लागतो.

दुसऱ्या कागदाचा, म्हणजे वर्गणीच्या पुराव्याचा जनक जर्मनीचा चान्सलर बिस्मार्क. या माणसाला गोरगरिबांचा कळवळा होता असं त्याच्या कट्टर चाहत्यांनीही कधी म्हटलं नसेल. १८७८ मध्ये त्यानं समाजवाद्यांच्या सभा, संघटना, वृत्तपत्रं यांवर कायद्यानं बंदी आणली. आणि मग कामगाराला समाजवाद्यांकडून तोडून राज्याशी बांधण्यासाठी तीन कायदे केले: १८८३ मध्ये आजारपणाचा विमा, १८८४ मध्ये अपघाताचा, १८८९ मध्ये म्हातारपण आणि अपंगत्वाचा. आजारपणाच्या विम्यात दोन वाटे कामगाराचे, एक वाटा मालकाचा. अपघाताचा सगळा भार मालकांवर. पेन्शनचं वय सत्तर. तेव्हाच्या आयुर्मानात ते गाठणारे कामगार किती असतील, याचा अंदाज वाचकानंच करावा.

डाव मात्र उलटला. १८९० च्या निवडणुकीत समाजवाद्यांच्याच सोशल डेमोक्रॅट पक्षाला देशात सर्वाधिक मतं पडली, आणि त्याच वर्षी बिस्मार्कला पायउतार व्हावं लागलं. त्याहून मोठी गंमत विमा निधींच्या कारभारात झाली. वर्गणीत कामगारांचे दोन वाटे म्हणून निधीच्या समित्यांवरही त्यांच्या दोन तृतीयांश जागा. तिथे निवडून आले ते सोशल डेमोक्रॅटच. ज्या चळवळीला मोडायला ही यंत्रणा उभी केली, तिनंच या कचेऱ्यांत कारभाराचं शिक्षण घेतलं.

पण व्यवस्था टिकली. कैसर गेला, वायमार प्रजासत्ताक गेलं, हिटलरची राजवट गेली, देशाचे दोन तुकडे होऊन पुन्हा एक झाला. तरी जर्मन कामगार आजही पगारातून आरोग्य विमा निधीची वर्गणी भरतो आणि तेवढीच मालक भरतो. आरोग्याचा मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के, पेन्शनचा १८.६. टिकण्याचं कारण उघड आहे. वर्गणी भरून मिळालेल्या गोष्टीला लोक मदत समजत नाहीत, स्वतःचा हक्क समजतात. त्याला हात लावायला कुठलंही सरकार दहादा विचार करतं.

या व्यवस्थेची दुसरी बाजू बायकांनी सोसली. वर्गणी पगारातून, पगार पुरुषाला. म्हणजे हक्क पुरुषाचा आणि बायको त्याच्या खात्यावरची आश्रित. बिनकमावत्या पत्नीला आरोग्य विमा नवऱ्याच्या वर्गणीतच मिळतो, वेगळे पैसे पडत नाहीत. पश्चिम जर्मनीत १९५८ पासून नवराबायकोचं उत्पन्न एकत्र करून, निम्मं-निम्मं वाटून कर मोजण्याची पद्धत आली. तिच्यात एकजण भरपूर कमावतो आणि दुसरा घरी बसतो अशा जोडप्याचा सर्वाधिक फायदा. त्यात शाळा दुपारीच सुटायच्या. मूल जेवायला घरी येणार, तर घरी कुणीतरी हवंच. एस्पिंग-अँडरसन यांच्या वर्गीकरणावर स्त्रीवादी अभ्यासकांनी हाच आक्षेप घेतला: श्रमाच्या बाजारातून सुटका कुणाची, हे मोजताना जी आधीच बाजाराबाहेर ठेवली गेली आहे, तिचं काय? आक्षेप रास्त होता, आणि एस्पिंग-अँडरसन यांनी पुढच्या लेखनात कुटुंबाला बरीच जागा दिली. जर्मनीही हलली. २००७ मध्ये पगाराशी जोडलेला पालक-भत्ता आला, २०१३ पासून वर्षभराच्या मुलालाही पाळणाघरात जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क आला. दोन्हींसाठी नजर होती उत्तरेकडे.

उत्तरेकडे जाण्याआधी पुन्हा लंडनला थांबायला हवं, कारण तिथे दोन कागदांची एक विचित्र सरमिसळ झाली. विल्यम बेव्हरिज यांचा जन्म १८७९ चा, आजच्या बांगलादेशातल्या रंगपूरचा. वडील हिंदुस्थानात सनदी सेवेत न्यायाधीश, आई अॅनेट बाबरनाम्याची इंग्रजी अनुवादक. १९४२ च्या डिसेंबरात, युद्धाचा निकाल अजून अधांतरी असताना, त्यांचा सामाजिक विम्यावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. सरकारी अहवाल विकत घ्यायला रांगा लागल्या, संक्षिप्त आवृत्ती धरून लाखांनी प्रती खपल्या. दैन्य, रोगराई, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी या पाच राक्षसांशी लढा, ही त्यातली कल्पना लोकांच्या तोंडी बसली.

लोकांच्या लक्षात राक्षस राहिले, हिशेब राहिला नाही. बेव्हरिज यांनी सांगितलं होतं: वर्गणी सगळ्यांना सारखी, लाभही सगळ्यांना सारखा. ऐकायला न्याय्य. पण वर्गणी सारखी ठेवायची तर ती सर्वांत कमी पगाराच्या माणसाला झेपेल इतकीच ठेवावी लागते, आणि वर्गणी तुटपुंजी तर पेन्शनही तुटपुंजी. तिच्यात भागेना, म्हणून पेन्शन घेणारे लाखो म्हातारे पुन्हा १९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य मंडळाच्या खिडकीवर मिळकतीची चौकशी करून घ्यायला उभे राहिले. ज्या चौकशीला हद्दपार करायला अहवाल लिहिला, ती मागच्या दारानं परत आली.

आरोग्यसेवेचं मात्र वेगळं झालं, कारण तिथे कागदच काढून टाकला. ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली ती करांच्या पैशावर. वर्गणी भरली का, मिळकत किती, हे डॉक्टरनं विचारायचंच नाही. मंत्री अन्यूरिन बेव्हन हे वेल्समधल्या ट्रेडेगर या खाणगावचे. तिथल्या खाणकामगारांनी आठवड्याला थोडे थोडे पैसे काढून आपला दवाखाना आणि डॉक्टर आधीच उभे केले होते. तीन वर्षांत सरकारनं कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावायचं ठरवलं, तेव्हा बेव्हन राजीनामा देऊन मोकळे झाले. चष्म्यासाठी मंत्रिपद सोडणं अतिरेकी वाटेल, पण त्यांचा मुद्दा खिडकीचाच होता: एकदा पैसे मागायला सुरुवात केली की कुणाला माफ करायचं हे ठरवावं लागतं, आणि माफीसाठी पुन्हा दाखला आला.

तिसरा कागद, म्हणजे तुम्ही इथे राहता एवढाच पुरावा, स्वीडनमध्ये सर्वांत लांबवर नेला गेला. तिथल्या कल्याणकारी व्यवस्थेचा पाया शोधायचा तर तो पेन्शनमध्ये शोधू नये, लोकसंख्या नोंदवहीत शोधावा. चर्चची परगणा कार्यालयं शतकानुशतकं प्रत्येक जन्म, मृत्यू, स्थलांतर टिपत होती. १९४७ मध्ये प्रत्येकाला व्यक्तिक्रमांक मिळाला. १९९१ मध्ये ही नोंदवही चर्चकडून कर खात्याकडे आली. म्हणजे कर घेणारं आणि तुम्ही इथे राहता हे सांगणारं खातं एकच. १९४८ पासून प्रत्येक मुलामागे भत्ता सुरू झाला: कारखानदाराच्या मुलालाही तेवढाच, लाकूडतोड्याच्या मुलालाही तेवढाच. आज तो महिन्याला १२५० क्रोनर आहे. त्यासाठी साधारणपणे अर्जही करावा लागत नाही. मूल जन्मल्याची नोंद झाली की पैसे सुरू.

श्रीमंताच्या पोरालाही पैसे कशाला, हा प्रश्न आपल्याकडे लगेच विचारला जातो. स्वीडिश उत्तर असं, की श्रीमंताकडून ते कराच्या रूपानं परत घेता येतात, पण भत्ता घेणाऱ्यांतून त्याला वगळलं की कर भरायला त्याचं मन होत नाही. वॉल्टर कोर्पी आणि योआकिम पाल्मे यांनी १९९८ मध्ये काही देशांची आकडेवारी मांडून दाखवलं, की जे देश फक्त गरिबांसाठी योजना करतात ते गरिबी कमी करण्यात मागे पडतात, कारण तिथे एकूण तिजोरीच लहान राहते. नंतरच्या वर्षांच्या आकडेवारीत हा संबंध तितका ठसठशीत उरलेला नाही, हेही सांगायला हवं. तरी राजकारणाचा जो धागा त्यांनी पकडला तो मला खरा वाटतो.

१९७१ मध्ये स्वीडननं नवरा-बायकोचा आयकर वेगवेगळा मोजायला सुरुवात केली, १९७४ मध्ये मातृत्व रजेच्या जागी आईबाप दोघांनाही घेता येणारी रजा आणली. आज एका मुलामागे ती ४८० दिवसांची आहे आणि त्यातले ९० दिवस प्रत्येकासाठी राखीव. बापानं घेतले नाहीत तर बुडाले. हे ९० दिवस म्हणजे नुसती सवलत नाही. घरात कोण भांडी घासणार यावर सरकारनं व्यक्त केलेलं मत आहे. कुणाला ते आवडेल, कुणाला नाही. मला आवडतं.

मात्र नोंदवही ठेवणारं राज्य नेहमीच मायाळू असतं असं समजू नये. १९३४ मध्ये अल्वा आणि गुन्नार मिर्डाल या दांपत्यानं घटत्या जन्मदरावर पुस्तक लिहून मुलांसाठी सार्वजनिक खर्चाची बाजू मांडली. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं. अल्वा १९५० च्या दशकात दिल्लीत स्वीडनच्या राजदूत होत्या. त्याच १९३४ साली स्वीडननं नसबंदीचा कायदा केला. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे ६३ हजार लोकांची नसबंदी झाली, त्यांत बायका बहुसंख्य, आणि कित्येकांवर जबरदस्ती किंवा दडपण आणलेलं. ‘सगळ्यांचं घर’ म्हणून जे उभारलं जात होतं, त्यात कुणाची पोरं नकोत हेही सरकार ठरवत होतं. १९९९ मध्ये भरपाईचा कायदा झाला.

आणि पैशाचं सोंग स्वीडनलाही आणता आलं नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये क्रोना सावरण्यासाठी मध्यवर्ती बँकेनं व्याजदर काही दिवस ५०० टक्क्यांवर नेला होता. त्या दशकात पेन्शनची पुनर्रचना झाली, लाभ आयुर्मान आणि अर्थव्यवस्थेच्या वाढीशी बांधले गेले, सरकारी पैशावर चालणाऱ्या खासगी शाळा आल्या. वारसा कर आणि संपत्ती कर तर पुढे रद्दच झाले. उत्तरेचं नंदनवन श्रीमंतांना लुटून चालतं, ही समजूत त्यामुळे चुकीची. ते चालतं मध्यमवर्गाच्या जाडजूड आयकरावर आणि बहुतेक खरेदीवर लागणाऱ्या २५ टक्के करावर.

अमेरिकेबद्दलची समजूतही अशीच अर्धवट. तिथे कल्याणकारी राज्य नाहीच असं सर्रास म्हटलं जातं. आहे, पण एका छताखाली नाही. १९३५ च्या कायद्यानं म्हातारपणाचं पेन्शन आणलं ते बिस्मार्कच्या वाटेनं, वर्गणीतून. पहिला मासिक धनादेश १९४० च्या जानेवारीत व्हर्माँटमधल्या आयडा मे फुलर या निवृत्त लेखनिक बाईंना मिळाला, २२ डॉलर ५४ सेंटचा. त्यांनी तोवर एकूण २४ डॉलर ७५ सेंट भरले होते. बाई शंभर वर्षं जगल्या आणि २२ हजार डॉलरांहून अधिक पेन्शन घेऊन गेल्या. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्यांना मात्र त्या कायद्यानं सुरुवातीला वगळलं. दक्षिणेतले बहुसंख्य काळे कामगार याच दोन कामांत होते.

त्यानंतर गाडी दोन रुळांवर गेली. वृद्धांसाठी १९६५ चं मेडिकेअर, त्याला कुणी भीक म्हणत नाही. त्याच दिवशी सही झालेलं गरिबांसाठीचं मेडिकेड मात्र दरवर्षी कात्रीत. एकल मातांना मिळणाऱ्या रोख मदतीवर १९९६ मध्ये क्लिंटन यांच्या सहीनं आयुष्यभरात पाच वर्षांची मर्यादा आली. आणि नोकरदार मध्यमवर्गाचं कल्याण तर दिसतच नाही: मालकाकडून मिळणाऱ्या आरोग्य विम्यावर कर नाही, घरकर्जाच्या व्याजावर सूट. सरकार हे पैसे देत नाही, घ्यायचे सोडून देतं. या करसवलती आणि खासगी विमा मोजणीत धरले, तर सामाजिक खर्चात अमेरिका थेट फ्रान्सच्या पंगतीत जाऊन बसते. खर्च तेवढाच, पण पान कुणाला वाढलं ते वेगळं.

आता आपल्याकडे. बेव्हरिज अहवाल लंडनमध्ये गाजत होता, त्याच सुमारास १९४३ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांच्यावर हिंदुस्थानातल्या औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचं काम सोपवलं गेलं. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. आडारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला, त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. आडारकरांना ‘छोटा बेव्हरिज’ म्हणत. वास्तविक त्यांची योजना बिस्मार्कच्या घराण्यातली: २०१९ पासून कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के, आणि पगार २१ हजारांच्या आत. त्या काळाला ती योग्यच होती. पण वर्गणी कापून घ्यायला आधी पगारपत्रक लागतं, आणि या देशातल्या बहुसंख्य कष्टकऱ्यांचं नाव कुठल्याच पगारपत्रकात नाही.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या महाराष्ट्राच्या रोजगार हमीनं, जिचा कायदा १९७७ मध्ये झाला, चौथंच उत्तर दिलं. उत्पन्नाचा दाखला नको, वर्गणी नको. रणरणत्या उन्हात खडी फोडायला तयार आहात ना, हाच पुरावा. थोडं कडवट बोलायचं तर हा १८३४ चाच तर्क, फक्त भिंती पाडून आणि माणसाला त्याच्या घरी ठेवून. पैसा मात्र शहरातल्या पगारदारांच्या व्यवसाय करातून उभा केला, ही त्यातली धाडसी गोष्ट.

पण या सगळ्यांपेक्षा मला जास्त विचार करण्यासारखा वाटतो तो १९६९ चा माथाडी कायदा. मुंबईच्या बाजारपेठेत गोणी वाहणारा माणूस सकाळी एका व्यापाऱ्याचा, दुपारी दुसऱ्याचा. मालकच ठरलेला नाही तर भविष्य निर्वाह निधीची वर्गणी कोण भरणार? अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेनं लढून मिळवलेल्या या कायद्यानं व्यापारी आणि कामगार यांच्यामध्ये मंडळ आणून बसवलं. व्यापारी मजुरी मंडळात भरतो, तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही भरतो. मंडळ टोळीच्या खात्यावरून प्रत्येकाला पगार देतं आणि लेव्हीतून निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना, रजेचे पैसे चालवतं. जर्मनीनं असंच काहीसं स्वतंत्र कलावंत आणि लेखकांसाठी केलं ते १९८३ मध्ये: निम्मी वर्गणी कलावंताची, उरलेली प्रकाशक-आयोजकांवरचं शुल्क आणि केंद्र सरकार यांची.

माथाडी मंडळांत सगळं आलबेल आहे असं नाही. नोंदणी न झालेले हजारो हमाल बाहेर आहेत, आणि माथाडीच्या नावाखाली होणाऱ्या वसुलीच्या तक्रारी उद्योगवाले वर्षानुवर्षं करत आले आहेत. पण ॲपवरून जेवण पोचवणाऱ्या पोरांसाठी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के द्यावेत असं कलम घातलं गेलं, तेव्हा त्यामागचा तर्क मशीद बंदरच्या व्यापाऱ्याला आणि वाशीच्या मुकादमाला फार नवा वाटण्याचं कारण नव्हतं. एक फरक मात्र आहे. माथाडी मंडळावर कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे प्रतिनिधी बसतात आणि प्रत्येक टोळीची मजुरी मंडळाच्या वहीतून जाते. ॲपवाल्या पोराची मजुरी जाते ती कंपनीच्याच संगणकातून, आणि ती वही अजून दुसऱ्या कुणाच्या हातात आलेली नाही.